हथखोजला पोहोचलेले इंटरनेट

नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे या कंपनीने राजेश जैन यांचा ‘इंडियावर्ल्ड’ हा संकेतस्थळांचा संच एकूण ४९९ कोटी रुपयांच्या व्यवहारात घेण्याचे जाहीर केले, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांना जणू त्या एका आकड्याने भुरळ घातली. बातम्यांचे एक संकेतस्थळ, क्रीडेचे एक, पाककृतींचे एक आणि एक शोधयंत्र, असा तो संच होता. त्याचे उत्पन्न आणि त्याला मिळालेली किंमत यांत काही प्रमाण शोधणे व्यर्थ होते. परंतु प्रमाण शोधणारा माणूस त्या हंगामात मागासलेला ठरत असे. पुढे दीड-दोन वर्षांनी, २००१ मध्ये, स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया अर्थात ‘सेल’चा दहा रुपये दर्शनी किमतीचा समभाग दर्शनी किमतीच्याही खाली मिळत होता. कंपनीचे भागभांडवल होते ४,१३० कोटी. म्हणजे भिलाई, दुर्गापूर, राउरकेला आणि बोकारो हे चार एकात्मिक कारखाने, त्यांच्या खाणी, त्यांच्या वसाहती, त्यांची रुग्णालये हे सारे मिळून बाजाराच्या लेखी फार तर आठ ‘इंडियावर्ल्ड’एवढे भरत होते. त्या संचातल्या शोधयंत्राचे नाव ‘खोज’ होते आणि भिलाईच्या ज्या वस्तीविषयी येथे लिहावयाचे आहे तिचे नाव हथखोज, हा निव्वळ योगायोग.

हे दोन आकडे शेजारी मांडण्यात किंचित अन्याय आहे, याची जाणीव आहे. एक आकडा तेजीच्या शिखरावरचा आहे, तर दुसरा मंदीच्या तळाचा. पण त्या काळच्या भाष्यकारांनी नेमके तेच केले होते: एकाचे शिखर आणि दुसऱ्याचा तळ पाहून त्यांनी युग बदलल्याची द्वाही फिरवली. ‘जुनी अर्थव्यवस्था’ आणि ‘नवी अर्थव्यवस्था’ हे शब्दप्रयोग १९९९ ते २००१ या काळात मराठी, हिंदी, इंग्रजी अशा सर्वच वृत्तपत्रांत इतक्या सहजतेने वावरू लागले की, ‘जुनी’ म्हणजे नेमके काय हे विचारण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली. पोलाद जुने, सिमेंट जुने, मालमोटार जुनी. नवे काय, तर ज्याच्या नावापुढे ‘डॉटकॉम’, ‘इन्फोटेक’ किंवा ‘सॉफ्टवेअर’ लागले ते सर्व. अनेक कंपन्यांनी धंदा न बदलता केवळ नाव बदलले आणि त्यांचे समभाग वधारले. भांडवल बाजार नियामकाला पुढे अशा नामांतरांसाठी नियम करावे लागले.

ज्यांना हथखोज ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी राजनांदगाव आणि दुर्ग मागे टाकून भिलाईत शिरते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मोठ्या कारखान्याच्या सावलीत लहान कारखाने वाढतात, तसे येथेही झाले. हथखोज हे मुळातले गाव. आता ते भिलाईतले अवजड उद्योगांचे क्षेत्र म्हणून ओळखले जाते. पत्रे कापणे, जोडणे, सांगाडे उभारणे, सुटे भाग ओतणे आणि कातणे ही येथली कामे. पोलाद कारखाना, रेल्वे, वीज केंद्रे ही येथली गिऱ्हाइके. महाराष्ट्रातल्या वाचकाने भोसरी डोळ्यांसमोर आणावी. भोसरीचे जे नाते टेल्कोशी, तेच हथखोजचे पोलाद कारखान्याशी. मोठ्याला सर्दी झाली की लहानाला न्यूमोनिया होतो, हे दोन्हीकडच्या मालकांना आणि त्याहून अधिक तिथल्या कामगारांना पाठ आहे.

टेल्कोचा उल्लेख आलाच आहे, तर तिचेही पाहू. २०००-०१ या वर्षात टेल्कोला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आणलेली ‘इंडिका’ ही मोटार म्हणजे कंपनीचा हट्ट होता आणि तो अंगाशी आला, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. ‘सेल’चा तोटा याहून कितीतरी मोठा: १९९८-९९ मध्ये दीड हजार कोटींहून अधिक आणि त्यापुढच्या वर्षी त्याहूनही जास्त. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने ‘सेल’च्या पुनर्रचनेची योजना मंजूर केली. तीत काही कारखाने विकावयाचे होते, मनुष्यबळ घटवावयाचे होते. याच महिन्यात मुंबईचा निर्देशांक प्रथमच सहा हजारांपलीकडे गेला होता आणि अझीम प्रेमजी यांची गणना जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत होऊ लागली होती. दोन बातम्या एकाच पानावर आल्या की वाचकाच्या मनात त्यांची सांगड आपोआप बसते: हे उगवते आहे, ते मावळते आहे.

वस्तुतः पोलादाला झाले होते काय? १९९७ च्या पूर्व आशियाई संकटानंतर जगभर पोलादाची मागणी आटली होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्याच्या जुन्या प्रजासत्ताकांतले कारखाने मिळेल त्या भावाने पोलाद निर्यात करत होते. आपल्याकडे आयातशुल्क उतरले होते. त्यातच ‘सेल’ने नव्वदच्या दशकात आधुनिकीकरणासाठी मोठी कर्जे काढली होती आणि त्यांचे व्याज याच पडत्या काळात भरावे लागत होते. यांतल्या एकाही कारणाचा संगणकाशी किंवा इंटरनेटशी संबंध नव्हता. ते एक चक्र होते. अतिशय कठोर, परंतु चक्रच. मार्च २००२ मध्ये ‘नव्या अर्थव्यवस्थे’ची जन्मभूमी असलेल्या अमेरिकेने आपले पोलाद वाचवण्यासाठी तीस टक्क्यांपर्यंतचे आयातशुल्क लावले. त्यानंतर चीनची मागणी वाढत गेली, भाव चढले आणि २००३-०४ मध्ये ‘सेल’ने अडीच हजार कोटींचा, तर २००४-०५ मध्ये ६,८०० कोटींहून अधिक नफा मिळवला. टेल्कोची ‘इंडिका’ही तोवर रस्तोरस्ती दिसू लागली होती.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. अमेरिकेतला नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर होता आणि ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ पर्यंत घसरला. जानेवारी २००० मध्ये जाहीर झालेला एओएल आणि टाइम वॉर्नर यांचा विलय हा नव्या युगाचा मंगलकलश म्हणून गौरवला गेला होता. २००२ या एका वर्षात त्या संयुक्त कंपनीने जवळपास शंभर अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. मग तेच भाष्यकार, किंवा त्यांचे शेजारी, इंटरनेट हा एक बुडबुडा होता असे सांगू लागले. पॉल क्रुगमन यांच्यासारख्या, पुढे नोबेल मिळवणाऱ्या अर्थतज्ज्ञाने तर १९९८ मध्येच लिहून ठेवले होते की, इंटरनेटचा अर्थव्यवस्थेवरचा परिणाम फॅक्स यंत्राहून मोठा नव्हता हे २००५ च्या सुमारास स्पष्ट होईल. आपण ते गमतीने, डिवचण्यासाठी लिहिले होते, असा खुलासा त्यांनी नंतर केला. खुलासा प्रामाणिक मानला तरी त्यातून एक गोष्ट उघड होते: तंत्रज्ञानाविषयीचे मत ही गमतीने देण्याची गोष्ट आहे, असे मोठमोठ्या माणसांनाही वाटत असे. क्रिकेटच्या निवड समितीविषयी आपण चहा पिताना जसे बोलतो, तसे.

असे सैल बोलणे निरुपद्रवी असते, तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नव्हते. पण मत छापले जाते, त्यातून वातावरण तयार होते आणि वातावरणाच्या आधारे पैसे इकडून तिकडे जातात. ‘सेल’मध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. ज्या वसाहतीत बाप कारखान्यात लागला की मुलगाही लागेल हे गृहीत होते, त्या वसाहतीत पन्नाशीतले लोक एकरकमी पैसे घेऊन घरी बसले. एवढी रक्कम प्रथमच हाती आलेल्या माणसाने ती कोठे ठेवावयाची? देशभरच्या निवृत्तांचा सर्वांत मोठा विश्वास तेव्हा युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ योजनेवर होता. या ट्रस्टनेही तेजीच्या काळात तंत्रज्ञान, दळणवळण आणि मनोरंजन क्षेत्रांतले समभाग घेतले होते. मार्च २००१ मध्ये केतन पारेख प्रकरणाने बाजार कोसळला आणि २ जुलै २००१ रोजी युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’च्या युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. ज्या निवृत्तांनी आयुष्यात कधी संगणकाला हात लावला नव्हता, त्यांच्या म्हातारपणाच्या पुंजीला डॉटकॉमची झळ अशी लागली. ‘नव्या अर्थव्यवस्थे’ची घोषणा करणाऱ्या लेखकाच्या मानधनातून मात्र एक रुपयाही कापला गेला नाही.

‘जुन्या’ उद्योगात तंत्रज्ञान नसते, हा समज तर आणखी विचित्र होता. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ फ्रंटियर मेलचे डबे घसरले आणि समोरून आलेली सियालदह एक्स्प्रेस त्यांवर आदळली. दोनशेहून अधिक माणसे दगावली. कारण होते तुटलेला रूळ. भारतीय रेल्वेचे रूळ त्या काळी प्रामुख्याने भिलाईतून येत असत, आणि रुळांच्या पोलादातला हायड्रोजन हा त्या वर्षांत रेल्वे आणि कारखाना यांच्यातला कळीचा विषय होता. पोलादात हायड्रोजन किती असावा? दशलक्ष भागांत दोन भागांहूनही कमी. त्याहून अधिक राहिला तर रुळाच्या पोटात केसाएवढ्या भेगा पडू शकतात. त्या वरून दिसत नाहीत, पण वर्षानुवर्षे चाकांखाली वाढत राहतात. वितळलेल्या पोलादातून हा वायू निर्वातात ओढून काढण्याची यंत्रणा भिलाईत उभारली गेली. कोट्यवधी प्रवाशांच्या जिवाशी निगडित असे हे तंत्रज्ञान होते. परंतु ‘तंत्रज्ञान’ या शीर्षकाखालच्या पानांवर त्याला जागा नव्हती, कारण त्याची बातमी उद्योगाच्या किंवा अपघाताच्या रकान्यात जात असे. मार्च १९९९ मध्ये इन्फोसिसची नॅसडॅकवर नोंदणी झाली, तो दिवस आपणां सर्वांना आठवतो, आणि त्यात गैर काही नाही. हायड्रोजनचे प्रमाण आटोक्यात आले तो दिवस मात्र कोणालाही आठवत नाही.

याच भूमीत तंत्रज्ञानाविषयी मत कसे बनवावे याचा एक वेगळा धडा इंटरनेटच्या कितीतरी आधी दिला गेला होता. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत हजारो कंत्राटी कामगार हाताने खनिज फोडत आणि भरत. १९७७ मध्ये तेथे छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. शंकर गुहा नियोगी हे त्याचे नेते. व्यवस्थापनाने पूर्ण यांत्रिकीकरणाचा प्रस्ताव पुढे केला, तेव्हा संघटनेने त्याला नुसता विरोध केला असता तर ती बातमी ‘कामगार यंत्रांच्या विरोधात’ अशी झाली असती आणि विषय तेथेच संपला असता. संघटनेने हिशेब मांडला. कोणते काम यंत्राने केल्यास उत्पादन वाढते, कोणते काम माणसाने केल्यास खर्च वाढत नाही, खनिजाची प्रत कोठे चांगली राहते आणि किती हातांचे काम वाचते, हे सारे मांडून तिने ‘अर्ध-यांत्रिकीकरण’ हा पर्याय दिला. पूर्ण यांत्रिकीकरण त्यामुळे दीर्घकाळ लांबले. संघटनेचा प्रत्येक आकडा बरोबर होता असा दावा कोणी करू नये. व्यवस्थापनाचेही काही म्हणणे होते आणि ते सर्वस्वी पोकळ नव्हते. तरीही यंत्राविषयी बोलणाऱ्याने यंत्राच्या बाजूला उभे राहून, कोणाचे काय जाईल ते मोजून बोलावे, ही शिस्त त्यात होती. ज्यांची भाकरी त्या उत्तरावर अवलंबून होती त्यांनी ते उत्तर सहज दिलेले नव्हते. नियोगी पुढे भिलाईतल्या खासगी कारखान्यांमधील कंत्राटी कामगारांच्या लढ्यात उतरले आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच त्यांची हत्या झाली. पुढच्या वर्षी १ जुलैला येथेच रेल्वेमार्गावर बसलेल्या आंदोलक कामगारांवर गोळीबार झाला. ‘जुनी अर्थव्यवस्था’ या दोन शब्दांत हा इतिहासही पुरला गेला.

आता इंटरनेटकडे वळू. ते हथखोजला केव्हा पोहोचले? विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी सेवा सुरू केली, ती निवडक महानगरांत. चित्रे दिसतील अशा जोडणीसाठी व्यक्तीला वर्षाला पंधरा हजार रुपये मोजावे लागत. लहान शहरांतल्या माणसाला तर जवळच्या केंद्राला एसटीडी लावून, दूरध्वनीचे देयक वाढताना पाहत, पान उघडण्याची वाट पाहावी लागे. त्यामुळे क्रिकेटचा धावफलक किंवा पाककृती यांच्या रूपाने इंटरनेट हथखोजच्या शेडमध्ये शिरले नाही. ते निराळ्याच वाटेने आले.

२००१ मध्ये ‘सेल’ आणि टाटा स्टील या दोन प्रतिस्पर्ध्यांनी समसमान भागीदारीत ‘मेटलजंक्शन’ नावाची कंपनी काढली. डॉटकॉमचे दिवाळे निघालेल्या वर्षात निघालेली ही डॉटकॉम कंपनी होती आणि ती टिकली. आज ती ‘एमजंक्शन’ या नावाने ओळखली जाते. काम रुक्ष होते. कारखान्यात उरणारे तुकडे, दुय्यम प्रतीचे पत्रे, भंगार हा माल पूर्वी प्रत्यक्ष लिलावाने किंवा निविदांनी विकला जाई. लिलावाला तेच ते व्यापारी जमत, आपसांत भाव ठरवत, आणि कोणाला काय मिळणार हे बोली लागण्याआधीच ठरलेले असे. संगणकावरच्या लिलावाने ही साखळी बरीच सैल केली. कोण बोली लावतो आहे हे दुसऱ्याला दिसत नाही. मुंबईचा किंवा पंजाबातल्या मंडी गोबिंदगढचा व्यापारीही बसल्या जागी बोली लावू शकतो. विकणाऱ्याला चांगला भाव मिळू लागला. सार्वजनिक मालकीच्या कंपनीचा माल योग्य भावाने विकला जावा, यात वाईट काय?

वाईट काही नाही. पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. हथखोजच्या लहान कारखानदाराचे एक भांडवल असे होते की, तो कारखान्याच्या दाराशी होता. वाहतुकीचा खर्च कमी, माल डोळ्यांनी पाहता येई, ओळखीपाळखीने थोडे उधारही मिळे. ई-लिलावात यांतले पहिले तेवढे उरले. शिवाय हे यंत्र दुहेरी चालते. विकताना बोली वर चढते; खरेदी करताना ती उलटी फिरवता येते. मोठा कारखाना सुटा भाग किंवा सांगाडा बनवून घेण्यासाठी पुरवठादारांना पडद्यासमोर बसवतो आणि जो सर्वांत खाली उतरेल त्याला काम देतो. यालाच उलटा लिलाव म्हणतात. काही मिनिटांत भाव खाली येत जातो. शेजारच्याच शेडमधला माणूस आपल्यापेक्षा कमी बोली लावतो आहे की दुसऱ्या राज्यातला, हे कळत नाही; कामगार बसून राहू नयेत एवढ्यासाठी अनेकदा माणूस परवडणाऱ्या भावाच्याही खाली उतरतो. कच्चा माल घेताना चढी बोली आणि पक्का माल देताना उतरती बोली: एकाच पडद्याने लहान कारखानदाराला दोन्ही बाजूंनी दाबले. मग तो कोठून वाचवणार? मजुरीतून, सुरक्षा साधनांतून, कंत्राटी माणसाच्या भविष्यनिर्वाह निधीतून. तंत्रज्ञानाच्या पानावर यापैकी काही येत नाही. आले, तर कामगार कायद्याच्या उल्लंघनाची बातमी म्हणून येते आणि ते उल्लंघन असतेही.

कोळशाच्या बाबतीत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. कोल इंडियाने २००४-०५ पासून कोळशाचा काही भाग ई-लिलावाने विकावयास सुरुवात केली. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या लहान उद्योजकांना ती वर्षे आठवत असतील. कोळसा मक्तेदारीतला, विकणारा एकच, घेणारे असंख्य आणि गरजू. अशा ठिकाणी लिलावातून निघालेला भाव हा ‘बाजारभाव’ म्हणता येईल का? डिसेंबर २००६ मध्ये ‘अशोका स्मोकलेस कोल’ या खटल्यात न्यायालयाने ती पद्धत रद्द ठरवली. पुढच्या वर्षी नवी रचना घेऊन ई-लिलाव परत आला. निकालाच्या गुणावगुणांविषयी मतभेद असू शकतात. लक्षात घेण्याजोगे हे की, इंटरनेटने भारतीय अर्थव्यवस्थेत केलेल्या बदलांवरची एक अत्यंत गंभीर चर्चा न्यायालयाच्या कक्षात झाली, कारण ती अन्यत्र कोठे होत नव्हती. त्या काळात आपली संपादकीय पाने कॉल सेंटरमधल्या तरुणांच्या उच्चारांवर लिहीत होती.

एक चांगले उदाहरणही याच राज्यातले आहे. २००७ पासून छत्तीसगढने धानखरेदी आणि स्वस्त धान्य वितरणाची साखळी संगणकावर आणली. शेतकऱ्याकडून किती धान घेतले, गोदामातून किती तांदूळ निघाला, कोणत्या दुकानात किती पोहोचला, हे दिसू लागले. दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे देण्याचा निर्णय त्याआधीच झाला होता. त्या राजकीय निर्णयाला संगणकाची जोड मिळाली, म्हणून गळती घटली. नुसत्या संगणकाने ती घटली असती, असे मानणाऱ्यांनी इतर राज्यांचे अनुभव पाहावेत.

हे सारे आज उगाळण्याचे कारण असे की, तेच सैल बोलणे नव्या विषयावर पुन्हा सुरू झाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाच्या नोकऱ्या जाणार आणि कोणत्या देशाचे भाग्य उजळणार, याची भाकिते दररोज होत आहेत. मे २०२५ मध्ये नवा रायपूर येथे एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. हथखोजपासून हे ठिकाण तासा-दीड तासाच्या अंतरावर. ‘पोलादाकडून प्रज्ञेकडे’ अशा थाटाच्या प्रतिक्रिया उमटल्या. म्हणजे पंचवीस वर्षांनी तीच विभागणी: हे जुने, ते नवे. डेटा सेंटर म्हणजे काय असते? पोलादी सांगाड्यावर उभी इमारत, तांब्याच्या तारा, रोहित्रे, शीतकरणाची अवजड यंत्रे आणि रात्रंदिवस लागणारी वीज. ती वीज या राज्यात मुख्यतः कोरब्याच्या कोळशातून येते. या सामग्रीतला बराचसा भाग कापणे, वाकवणे, जोडणे या वर्गात मोडतो, आणि ते काम करणारे हात हथखोजमध्ये आहेत. भिलाईला आता स्वतःची आयआयटीही आहे. तेव्हा प्रज्ञा एकीकडे आणि पोलाद दुसरीकडे, अशी मांडणी करणाऱ्याने निदान एकदा दुर्ग जिल्ह्याचा नकाशा उघडून पाहावा.

विचारावयाचे प्रश्न निराळे आणि बरेच नीरस आहेत. या उभारणीतली किती कामे जिल्ह्यातल्या लहान कारखान्यांना मिळतील? ती उलट्या लिलावाने दिली जाणार असतील, तर किमान मजुरी आणि सुरक्षेचा खर्च बोलीतून वगळून स्वतंत्र ठेवला जाईल काय? आणि काम झाल्यावर पैसे केव्हा मिळतील?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल; हथखोजमध्ये किंवा भोसरीत तो विचारून पाहावा. २००६ च्या कायद्यानुसार लहान उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावयाचे असते. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा कडक, परंतु आपल्या एकमेव मोठ्या गिऱ्हाइकावर दावा लावून पुढच्या वर्षी त्याच्याच लिलावात बसण्याची हिंमत कोण करील? एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यात नवे कलम लागू झाले: मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. मग मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळतील, अशी भीती लहान उद्योजकांनीच व्यक्त केली.

या दुखण्यावर इंटरनेटचे एक औषधही आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने २०१७ पासून ‘ट्रेड्स’ नावाची ऑनलाइन व्यवस्था चालते. लहान पुरवठादाराने आपले देयक तेथे चढवावयाचे, बँकांनी त्यावर बोली लावावयाची आणि पुरवठादाराला थोडी सूट वजा करून लगेच पैसे मिळावयाचे. पुढे मुदत भरल्यावर बँक ते खरेदीदाराकडून वसूल करील. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सर्व सार्वजनिक उपक्रमांना येथे नोंदणी आता सक्तीची आहे. लिलावाचे हेच तंत्र, पण यावेळी ते लहान माणसाच्या बाजूने चालते. अट एकच: देयक बँकांसमोर जाण्याआधी खरेदीदाराने ते मान्य केले पाहिजे. नोंदणी सक्तीची झाली आहे. मान्यतेची कळ दाबणे मात्र अद्याप खरेदीदाराच्या इच्छेवर आहे.